हे बरं, की हे?

ठाकूरद्वारच्या नाक्यावर, चष्म्याच्या दुकानात
दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलते
आणि विचारते, हे बरं, की हे?
लोक घाबरतात, परीक्षेला बसल्यासारखे ओठ चावतात.
एक आजोबा म्हणाले, बाई, दोन्ही बरी आहेत,
तुम्हाला सोयीचं पडेल ते द्या.
मी हसले. घरी जाताना हसू उतरलं,
कारण गेले सात महिने हेच उत्तर
मी दोन माणसांना देत होते.

सुहृद तळपदे. उणे सव्वातीन, दोन्ही डोळे सारखे.
क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, सहा म्हणजे सहाला येतो,
डब्यात आईने केलेलं भानोलं.
त्याच्या शेजारी बसलं की वाटतं
बँकेत मुदत ठेव ठेवलीय
आणि व्याज आपोआप चढतंय.

रणजित कीर. नंबर नाही, नुसता गॉगल.
नाटकांना लाइट्स लावतो,
सहाला बोलावलं की साडेसातला उगवतो, वर म्हणतो,
उशीर केला म्हणून तर वाट बघणारी तू
लांबून बघायला मिळालीस.
असं काही ऐकलं की मुदत ठेव मोडावीशी वाटते,
दंड भरून.

सोमवारी सुहृद. सोमवारी माणसाला स्थैर्य हवं असतं.
बुधवारी रणजित, कारण तोवर स्थैर्याने जांभया येतात.
शुक्रवारी पुन्हा भानोलं.
रविवारी मी दोघांनाही सोडायची, मनातल्या मनात,
आणि रात्री दोघांनाही बदाम पाठवायची.
एकदा एकाचा मेसेज दुसऱ्याला गेला:
"भानोलं फार आवडलं."
रणजितला वाटलं, मी त्यालाच लाडाने म्हणतेय.
महिनाभर खाली सही करायचा, तुझंच भानोलं.

आई म्हणाली, घड्याळाचा लंबक बरा,
त्याच्या हेलकाव्यातून निदान वेळ तरी कळते.

मग ठरवलं. मंगळवार, दुकान बंद, पाच वाजता
दोघांना पायरीवर उभं करायचं,
एकेक डोळा झाकून बघायचं,
जो स्पष्ट दिसेल तो.
मी स्वतः निघाले पाच वीसला.
वाटेत केळेवाल्यापाशी नाणं उडवलं,
छापा सुहृद, काटा रणजित,
ते गटाराच्या जाळीतून खाली गेलं.
काय पडलं ते महापालिकेलाच ठाऊक.

पोचले, तर शेजारच्या मंडळाच्या ओट्यावर कॅरम,
बोरिक पावडरचा ढग, आणि ढगात दोघं.
रणजित वेळेवर आला होता. वेळेच्या आधी!
सुहृद त्याला कोन समजावत होता,
आणि रणजितच्या हातात, माझ्या डोळ्यांदेखत, अर्धी वडी.
"अच्छा, म्हणजे भानोलं हे होय,"
तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून सावकाश चावत राहिला.
सुहृदने मान वर केली. म्हणाला, थांब जरा, राणी बाकी आहे.
क्षणभर मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलतोय.

राणी त्याने घेतली. कव्हर चुकलं.
राणी पुन्हा मधोमध.
मग रणजितने घेतली. त्याचंही चुकलं.
चार वेळा ती भोकात गेली नि चार वेळा परत आली,
लाल, गुळगुळीत, काही झालंच नाही अशी.
मला तिचा इतका राग आला!

घसा खाकरून मी म्हटलं, मला दोघांशी बोलायचंय.
डबल्स लावू, खेळता खेळता बोल, रणजित म्हणाला,
हिला तू घे.
नको, तूच घे, सुहृद म्हणाला,
हिचा काही नेम नाही.
सात महिन्यांत माझ्याबाबतीत दोघांचं
एवढं एकमत पहिल्यांदाच.

चौथा हवा होता. वरच्या मजल्यावरून
कुणी धैर्यधर नाडकर्णी उतरला,
चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली.
माझा भिडू म्हणून समोर बसला,
स्ट्रायकर शर्टाला पुसून पुढे केला, तुम्ही आधी.
मी नीट पाहिलं. उणे दीड, फार तर पावणेदोन.
उद्या दुकानात या, मी म्हटलं, स्क्रू बसवून देते.

त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं
आणि पावडर उडेल इतकं हसले.
माझा पहिलाच फटका बोर्डाबाहेर गेला,
थेट केळेवाल्यापर्यंत.